व्यायामाचं विचारा : चौघी असल्या की पाय निघतो

थंडी पडली की नाशकात दोन गोष्टी हमखास होतात, जॉगिंग ट्रॅकवर पाय ठेवायला जागा राहत नाही आणि माझ्याकडे प्रश्नांचा ढीग येतो. ह्या वेळी गंमत अशी की ढिगातले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, एकट्याने करू की चार जणांत करू, म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. बाकीच्यांनी, विशेषतः गुडघ्याच्या पट्ट्यांबद्दल विचारणाऱ्यांनी, रागावू नका, पुढच्या महिन्यात नक्की.

ताई, मी ४३ वर्षांची, पाथर्डी फाट्याला राहते. तीन वेळा जिमची वर्षाची फी भरली आणि तिन्ही वेळा महिन्याभरात बंद पडलं. मिस्टर म्हणतात तू जिमला देणगी देतेस. आमच्या बिल्डिंगमधल्या आम्ही पाचजणी म्हणतोय की गच्चीवरच काहीतरी चालू करू. पण मशिनी नाहीत, सर नाहीत, अशाने खरंच फायदा होतो की नुसत्या गप्पा होतील?

गप्पा होणारच, ते आधीच मान्य करून टाका, म्हणजे नंतर अपराधी वाटणार नाही. आणि मिस्टरांना सांगा, फी भरून गायब होणारे लोक नसते ना तर जिममध्ये उभं राहायलाही जागा मिळाली नसती, तुमच्या देणगीवर बाकीच्यांचा व्यायाम चाललाय.

आता खरं सांगू का, तुम्ही आळशी आहात म्हणून तीन वेळा सुटलं असं मला वाटत नाही. जिममध्ये तुम्ही गेला नाहीत तर कोणाला कळतं? कोणालाच नाही. पहिल्या दिवशी सुट्टी झाली, दुसऱ्या दिवशी झाली, तिसऱ्या दिवशी पाहुणे आले, संपलं. पण गच्चीवर पाच चटया आणि त्यातली एक रिकामी असेल तर ती सगळ्यांना दिसते. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट, लोकांना व्यायाम सांगून पोट भरते, आणि तरी जुलैत जेव्हा आठ-आठ दिवस पाऊस थांबत नाही ना तेव्हा सकाळी चादर डोक्यावरून ओढून पडलेली असते. आमच्या सोसायटीत गंगापूर रोडला आम्ही पाचजणी खाली पार्किंगमध्ये सहाला जमतो, आणि सहा वाजून चार मिनिटांनी फोन वाजतो, 'खाली उभ्या आहोत, ये'. बास, एवढंच. ना मोटिव्हेशन ना काही. पण चारजणी थंडीत उभ्या आहेत हे कळल्यावर माणूस उठतोच, शिव्या घालत का होईना.

आता पाचच का, पंधरा का नको, तर ह्यात एक मजेशीर प्रयोग आहे. माक्स रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच शेती-इंजिनियर होता, त्याने माणसांना रस्सी ओढायला लावून कोण किती जोर लावतंय ते मोजलं, आणि त्याचे आकडे छापून आले १९१३ मध्ये. एकटा माणूस ओढतो तेव्हा त्याचा जोर शंभर धरला तर दोघं झाले की प्रत्येकाचा थोडा कमी, तिघं झाले की अजून कमी, आणि आठ जणं झाली की प्रत्येकाचा जोर जवळपास निम्म्यावर. काही भाग एका लयीत न ओढल्यामुळे, पण काही भाग सरळ आपला मराठी हिशोब, मी नाही ओढलं तर कोणाला कळतंय. मोठ्या बॅचमध्ये अगदी हेच होतं, मागच्या रांगेतल्या बायका हात अर्धेच वर नेतात. मीही नेलेत.

आणि दुसरी बाजू शिकवणाऱ्याची. काही वर्षांपूर्वी मला हौस आली म्हणून एक हॉल घेऊन अठरा जणींची बॅच चालवली, फी बरी मिळायची, खोटं कशाला बोलू. त्यात एक बाई स्क्वॉट्स करताना दर वेळी गुडघे आत घेत होत्या, आणि ते मला कळलं तीन आठवड्यांनी, त्यांचा गुडघा दुखायला लागल्यावर. मी समोर उभी राहून मोजत होते फक्त. ती बॅच मी बंद केली. चार ते सहा माणसं असली की शेजारणीलाच दिसतं, अगं तुझा गुडघा आत जातोय, अगं कंबर वाकतीये. एवढ्यासाठी सर लागत नाहीत, पहिले दोन-तीन आठवडे कोणीतरी जाणकार माणूस बोलवा, सगळ्यांचं एकदा बघून घेऊ दे, मग महिन्यातून एकदा आला तरी पुरे.

मशिनींचं म्हणाल तर गच्चीवर भिंत आहे, जिना आहे, एक मजबूत प्लास्टिकची नव्हे तर लाकडी किंवा लोखंडी खुर्ची आणा, पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या घरोघरी आहेतच. पाचजणी आहात तर पाच जागा ठरवा. एकीने खुर्चीवरून उठ-बस, दुसरीने भिंतीला टेकून पुशअप, तिसरीने जिन्याची एकच पायरी वर-खाली, चौथीने बाटल्या घेऊन हात वर, पाचवीने चटईवर पाठीवर झोपून कंबर उचलायची. चाळीस सेकंद करायचं, वीस सेकंदात जागा बदलायची, पाच मिनिटांत एक फेरी होते. तीन फेऱ्या म्हणजे पंधरा मिनिटं. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करणं आणि शेवटी ताण देणं धरून पस्तीस-चाळीस मिनिटांत घरी, डबे वेळेवर. आणि ह्यात छान काय होतं तर प्रत्येकीचं ओझं वेगळं असू शकतं, एकीच्या बाटलीत पूर्ण पाणी, दुसरीच्या अर्धं, जिचा गुडघा कुरकुरतो तिची खुर्ची उशी टाकून उंच. मोठ्या क्लासमध्ये सगळ्यांना एकच माप, ते कोणालातरी सैल होतं आणि कोणालातरी टोचतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा हिशोब मोठ्या माणसांसाठी असा आहे की आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि वर दोन दिवस ताकदीचे व्यायाम. आपल्या बायका चालतात भरपूर पण ते दोन दिवस कोणीच करत नाही, आणि तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटत जातात, चाळिशीत पाळी थांबायच्या सुमारास हाडांचंही तेच. म्हणून गच्चीवर ताकदीचंच करा, मंगळवार-शुक्रवार किंवा जे जमेल ते, बाकीचे दिवस चाला. एकच नियम कडक ठेवा, वेळ कोणासाठीही पुढे ढकलायची नाही. दोघी आल्या तर दोघींनी चालू करायचं. 'सगळ्या आल्या की करू' म्हणणारे ग्रुप दिवाळीपर्यंतही टिकत नाहीत.

मी ६८ वर्षांचा, निवृत्त. सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर आमचा पंचवीस जणांचा ग्रुप आहे. मुलगा म्हणतो बाबा तुम्ही चालत नाही, तुम्ही गप्पा मारत फिरता, त्यापेक्षा हातात स्मार्ट वॉच घालून एकटे चाला. मागच्या वर्षी मिसेस गेल्या, तेव्हापासून मला खरं म्हणजे त्या गप्पांसाठीच जावंसं वाटतं. चुकतंय का?

काका, नाही चुकत. मुलगाही तुमच्या काळजीनेच बोलतोय, पण त्याचं अर्धंच बरोबर आहे.

इंग्लंडमधल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये ग्रुपने चालणाऱ्यांवरचे ४२ अभ्यास एकत्र करून पाहिले, सगळी मिळून अठराशेच्या वर माणसं, आणि त्यात वरचं बीपी सरासरी ३ ते ४ अंकांनी उतरलेलं दिसलं, बसल्या जागेचे नाडीचे ठोके कमी झालेले, आणि उदासपणाही कमी. शिवाय मधेच सोडून जाणारे फार नव्हते. माझ्या मते शेवटचीच गोष्ट सगळ्यात मोठी आहे, कारण बीपी कशानेही उतरतं हो, दोन महिने टिकलं पाहिजे ना. घड्याळ तुम्हाला सकाळी 'काल का नाही आलात' असं विचारणार नाही.

आता मुलाचं जे अर्धं बरोबर आहे ते. पंचवीस जणं एका ओळीत चालली की वेग सगळ्यात हळू माणसाचा होतो, आणि तोसुद्धा मधे थांबून महापालिकेचं काय चुकतंय ते सांगतो. तर असं करा, पंचवीसचे चार-चार करा, साधारण सारख्या वेगाचे. भेटायचं सगळ्यांनी, आणि शेवटी कट्ट्यावर बसायचंही सगळ्यांनी, पण चालायचं आपापल्या चौकडीत. वेग कसा ओळखायचा तर बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये. तुम्हाला अख्खा अभंग आरामात गाता येत असेल तर हळू चालताय, आणि दोन शब्दांत दम तुटत असेल तर फार जोरात. म्हणजे बघा, गप्पा मारणारा ग्रुप हेच तुमचं मीटर, फक्त राजकारण चढावर ठेवा.

दुसरं म्हणजे पासष्टीनंतर तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करायचे असतात, आणि ते तुम्ही कोणीच करत नसणार हे मी पैजेवर सांगते. चाललं की तोल आपोआप सुधारतो असा समज आहे, तेवढ्याने होत नाही. चालून झालं की बाकाच्या पाठीला एक हात धरून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या, मग मागच्या पायाच्या बोटांना पुढच्या पायाची टाच लावून रेघेवरून चालतात तसं दहा पावलं. हे एकट्याने करायला भीतीही वाटते आणि लाजही वाटते, चौघांत एक करतो आणि शेजारी दुसरा उभा राहतो, कोणी डगमगला तर धरायला. आणि हसायला, अर्थात.

चौकडीत शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर ते बाकीच्या तिघांना माहीत हवं. थंडीतही घाम फुटला, हात थरथरायला लागले, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर चेष्टा करत बसायचं नाही, खाली बसवा, शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. खिशात साखरेची पुडी ठेवा प्रत्येकाने. आणि छातीत दाब वाटला, डावा हात भरून आला तर अॅसिडिटी असेल म्हणून घरी जायचं नाही, तिथूनच १०८. एकटा माणूस घरीच जातो हो, चौघं असले की त्यातला एकजण तरी ऐकत नाही.

तुम्ही पत्राच्या शेवटी रविवारच्या पांडवलेणीचं विचारलंय. चढा की, जवळजवळ दोनशे पायऱ्या आहेत, चढण्याने मांडीला आणि हृदयाला छान काम मिळतं. गुडघे बोलतात ते उतरताना, कारण तेव्हा मांडीचा स्नायू ताणला जात जात वजन धरत असतो. उतरताना हळू, कठड्याच्या बाजूने, आणि पावसाळ्यात शेवाळ असताना अजिबात नको. कोणी कितीही म्हणालं की आम्ही तर विशीत पळत उतरायचो.

मी २७, सातपूरला एमआयडीसीत शिफ्टमध्ये आहे. आम्ही चार मित्र एकत्र जिम करतो. तीन महिन्यांत चांगला फरक पडला पण मागच्या महिन्यात मित्राएवढं वजन उचलायला गेलो आणि कंबर धरली. आता घरचे म्हणतात ग्रुप सोड, एकटा कर. काय करू?

आधी कंबर. पायात मुंग्या, बधिरपणा किंवा पायापर्यंत जाणारी कळ असेल तर डॉक्टरांना दाखव, लघवीवरचा ताबा गेल्यासारखं किंवा मांड्यांच्या मधे बधिर वाटलं तर त्याच दिवशी, वाट बघायची नाही. तसं काही नसेल तर पूर्ण झोपून राहू नकोस, चालत राहा, आणि जड वजनं तूर्त बंद.

ग्रुपचा दोष आहे का, तर आहे आणि नाही. तुझा तीन महिन्यांतला फरक आणि तुझी कंबर, दोन्ही एकाच गोष्टीतून आलंय. १८९८ सालीच नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकन माणसाने सायकल शर्यतींचे आकडे बघून लिहून ठेवलंय की सोबत कोणी असलं की माणूस एकट्यापेक्षा जोरात पळवतो. पुढे १९२० च्या दशकात ओटो कोलर नावाच्या जर्मन माणसाने बर्लिनच्या नौकानयन क्लबातल्या मुलांना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्याने, मग जोडीने, असं की एकाने हात टाकला तर दुसऱ्यालाही थांबावं लागेल. तर जोडीतला जो कच्चा होता तो एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. पण ह्यात एक मेख आहे, दोघांत फरक बेताचा होता तिथेच हे नीट दिसलं. जोडीदार फारच पुढचा असेल तर कच्चा सोडून देतो, नाहीतर तुझ्यासारखं करतो.

म्हणून तुझ्यापेक्षा थोडाच पुढे असलेला मित्र जोडीला घे, तो नव्वद किलोवाला नको. आणि स्पर्धा किलोची ठेवू नका, हजेरीची ठेवा, किंवा आपापल्या मागच्या महिन्याशी. आपल्या नाशिकचे महाजन बंधू आठव, दोघं डॉक्टर, २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, साधारण ४८०० किलोमीटर सायकल नऊ दिवसांच्या आत, दोघांनी आळीपाळीने. एक चालवणार तेव्हा दुसरा विश्रांती घेणार, पण घेताना माहीत की माझी पाळी आली की मला उतरायचंय. त्यात भावापेक्षा जोरात जायचं नव्हतं, भावासाठी जायचं होतं. (कौतुक जरा जास्त होतंय माझ्याकडून, पण नाशिककर म्हणून तेवढं चालतं.)

एकट्याने कर म्हणणाऱ्या घरच्यांसाठी अजून एक. अमेरिकेत २०१७ मध्ये मेडिकलच्या ६९ विद्यार्थ्यांवर बारा आठवडे अभ्यास झाला, ग्रुपमध्ये व्यायाम करणाऱ्यांचा ताण सव्वीस टक्के कमी झालेला दिसला, आणि एकट्याने करणारे जास्त वेळ घाम गाळूनही त्यांच्या ताणात म्हणावा असा फरक नाही. ह्यावर फार उड्या मारू नकोस, कारण कोण कुठल्या गटात जाणार ते त्या मुलांनी स्वतःच ठरवलं होतं, म्हणजे मुळात माणसांत रमणारे ग्रुपमध्ये गेले असतील. पण शिफ्ट ड्युटीवाल्या माणसाने चार मित्र भेटायची एकमेव जागा सोडून द्यावी असं मी तरी सांगणार नाही. नाइट शिफ्ट करून आल्या आल्या मात्र जड उचलू नका, त्या दिवशी चालणं आणि झोप.

ताई, वय २२, वजन जास्त आहे. लोकांसमोर व्यायाम करायची फार लाज वाटते. गणपतीत मी ढोलपथकात वाजवते तेव्हा हजार लोक बघत असतात तरी काही वाटत नाही, पण लेगिंग घालून ट्रॅकवर जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मी वेडी आहे का?

अगं वेडी कसली, उत्तर तूच लिहून पाठवलंस की. कंबरेला ढोल बांधून मिरवणुकीत तासन् तास उभं राहून वाजवतेस म्हणजे तुझा दमसास आमच्या पार्किंगमधल्या कोणाहीपेक्षा बरा आहे. फरक एवढाच की तिथे सगळ्यांचा हात एकदम पडतो, कोणी एकटं दिसत नाही, आणि तू आपल्या माणसांत असतेस. ऑक्सफर्डमध्ये नावा वल्हवणाऱ्या मुलांवर एक छोटासा प्रयोग झाला होता, अवघे बारा जण, तेवढीच मेहनत एकट्याने केली आणि एका तालात सगळ्यांनी मिळून केली, तर मिळून केल्यावर दुखणं सोसायची ताकद जास्त निघाली. आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेत उतरला होता आणि २०१८ च्या एशियाडचं सुवर्ण त्याला मिळालं ते चौघांच्या नावेत. ह्यावरून मी काही सिद्ध करत नाहीये, स्पर्धा वेगळ्या असतात, पण चौघांचं वल्हं एकत्र पडताना बघायला मला फार आवडतं.

तर ट्रॅकचं सोड. पथकातल्या दोघी-तिघी पकड, ज्यांच्यासमोर घामाघूम दिसायची तुला सवय आहे, कोणाच्यातरी हॉलमध्ये दारं लावून चालू करा, पथकाचाच टीशर्ट घाला, लेगिंग घालायलाच पाहिजे असा कायदा नाही. मोबाईलवर पथकाचाच ठेका लावा. एकच अट, ग्रुपमध्ये वजनकाटा आणायचा नाही आणि कोणी 'अय्या कमी झालीस' किंवा 'अजून तेवढीच' असं बोललं की पन्नास रुपये दंड.

आमचा सहा जणांचा ग्रुप दर रविवारी चालून झाल्यावर मिसळ खायला जातो. मग चालण्याचा उपयोग काय?

तासभर झपझप चालून जातात साधारण अडीचशे-तीनशे कॅलरी, आणि दोन पाव, वर तर्री, वर शेव घेतली की त्या परत येतात, व्याजासकट. पण बाकीचे सहा दिवस तुम्ही मिसळीच्या आशेने येत असाल तर मी ती बंद करायला सांगणार नाही. एक्स्ट्रा पाव मागवू नका, मटकी जास्त घ्या, तर्री बेताची, आणि बिल त्याने भरायचं ज्याच्या महिन्यातल्या दांड्या सगळ्यात जास्त. आमच्याकडे ह्या महिन्यात मीच भरलंय.